गयाबाईचा ‘ळ’

माझ्या दवाखान्यात लोक दात दाखवायला यायचे. जीभ दाखवायला कोणी यायचं नाही.

दात दाखवायची कोणाला लाज वाटत नाही. दाढ ठणकायला लागली की भला माणूस गाल धरून रांगेत पुढं घुसतो आणि खुर्चीत टेकायच्या आधीच आ करतो. त्याच माणसाला ‘जीभ बाहेर काढा’ म्हटलं की तो इकडंतिकडं बघायला लागतो. आपल्याकडं जीभ दाखवणं म्हणजे वाकुल्या दाखवणं. त्यापायी लहानपणी प्रत्येकानं एक तरी धपाटा खाल्लेला असतो. सुनांनी तर मोठ्यांपुढं तोंडच उघडायचं नाही, जिभेचं कुठलं घेऊन बसलात! म्हणून मी एक पद्धत पाडली होती. आधी मी माझी जीभ बाहेर काढायची, चांगली मुळापर्यंत, आणि मग म्हणायची, ‘आता तुमची.’ समोरचा हसायचा आणि हसता हसता त्याची जीभ बाहेर यायची. औरंगपुऱ्यातल्या आमच्या बोळात माझ्या माडीवरच्या दवाखान्यासमोर एक कापडाचं दुकान होतं. गॅलरीचं दार उघडं राहिलं की तिथल्या मालकांना मी दिवसभर जीभ काढताना दिसायची. त्यांनी एकदा माझ्या यजमानांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘वहिनींची तब्येत बरी आहे ना?’

मी दातांची डॉक्टर. शहराला औरंगाबाद म्हणत होते तेव्हा त्या माडीवर बसले, आणि छत्रपती संभाजीनगर झाल्यावर उठले. मधल्या काळात किती दाढा काढल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. दाढ काढली की संपली, तिची आठवण कशाला ठेवायची! आठवणीत राहिल्या त्या जिभा, आणि त्यातही एक.

जिभेवरच्या फोडींचं आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिभेवर उंचवटे असतातच. आरशापुढं टॉर्च घेऊन उभं राहिलं आणि जीभ पार ओढून बाहेर काढली, तर मागं घशाजवळ ज्वारीच्या दाण्यांसारखे टपोरे उंचवटे ओळीनं बसलेले दिसतात. चव कळावी म्हणून निसर्गानं दिलेली ती सोय आहे, जन्मापासूनची. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांना ते उतारवयात पहिल्यांदा दिसले. त्यांनी पुण्याच्या दोन्ही मुलांना बोलावून घेतलं आणि मग सगळे मिळून माझ्याकडं आले. मी तपासलं, हे सगळ्यांनाच असतं म्हणून सांगितलं, आणि पटावं म्हणून माझी जीभ काढून दाखवली. हेडमास्तरांनी टॉर्चच्या उजेडात ती नीट निरखली, चष्मा काढून पुसला आणि अगदी कळवळून म्हणाले, ‘अरेरे, म्हणजे तुम्हालाही झालाय.’

दुसरी फोड येते ती शेंड्यावर. चहानं भाजतं, घाईत जीभ चावली जाते, ठेचा जरा जास्त होतो, आणि टाचणीच्या डोक्याएवढं लाल किंवा पांढरं काहीतरी उठतं. झोंबतं, चार-पाच दिवस छळतं आणि आलं तसं निघून जातं. तिला औषधापेक्षा धीर लागतो. पण या बिचारीची बदनामी फार. खोटं बोललं की ही फोड येते, असं आम्हाला शाळेतच शिकवलेलं होतं, आणि तेही मैत्रिणींनी, म्हणजे पक्कं. मोठी झाल्यावर मला कळलं की काही गावांत हे मोठी माणसंही मानतात. देवाची खोटी शपथ घेतली तर जीभ झडते, आणि झडायच्या आधी तिच्यावर फोड उठते, असा तिथला कायदा.

मला धास्ती होती ती तिसऱ्या फोडीची. ती बहुधा जिभेच्या कडेला किंवा खालच्या बाजूला असते, बोटाला टणक लागते आणि बरेचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत. दुखणाऱ्या फोडीवाले दारात ओरडत असतात, ही मात्र तोंडात गप्प बसून आपलं काम करत राहते. ‘पंधरा दिवसांत गेली नाही तर दाखवा,’ असं आम्हाला पुस्तकात शिकवलेलं. पण पंधरा दिवस मोजतो कोण? ‘झाले असतील आठ-पंधरा दिवस’ म्हणणाऱ्याचे सहा महिने झालेले मी पाहिले आहेत. आठवडी बाजार मात्र कोणी विसरत नाही. म्हणून खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला मी सांगायची, की जिभेवर काही उठलं आणि गावचे दोन बाजार उलटले तरी गेलं नाही, तर तिसऱ्या बाजाराची वाट न बघता इकडं या. रक्त येत असेल, पांढरा नाहीतर लाल चट्टा दिसत असेल, जीभ हलवायला जड वाटत असेल, गिळताना कानात कळ जात असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर दोन बाजारही थांबू नका. आणि जीभ एकाएकी सुजून श्वास अडायला लागला तर माझ्या जिन्याकडं बघूसुद्धा नका, थेट मोठा दवाखाना गाठा.

या नियमानं मला एकदाच तोंडावर पाडलं. करमाडची शरीफाबी भाजी विकायची आणि रोज वेगळ्या गावच्या बाजारात बसायची. तिची जीभ चावली गेली होती. मी दोन बाजार थांबायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर हजर. ‘बाई, दो बाजार हो गये. फोड अब्बी हैच,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अशी तक्रार होती जणू फोड जायची हमी मी दिली होती. तेव्हापासून मी नियम दुरुस्त केला आणि ‘तुमच्या गावचे’ हे शब्द ठासून म्हणायला लागले.

सगळेच शरीफाबीसारखे उतावळे असते तर बरं झालं असतं. कितीतरी माणसं इतकी उशिरा आली की त्यांना नुसतं पुढं पाठवण्यापलीकडं माझ्या हातात काही उरलं नाही. त्यांतले काही चेहरे अजून डोळ्यांपुढं येतात आणि वाईट वाटतं. त्यांची गोष्ट मी सांगणार नाही, कारण दिवाळीचे दिवस आहेत आणि माझ्याकडं जिंकलेली गोष्ट आहे.

गणपती बसले होते. दवाखान्यात गर्दी कमी आणि बोळात लाउडस्पीकर जास्त, असे ते दिवस. दोन बायका जिना चढून आल्या. देवगाव रंगारीच्या पुढं आत असलेल्या एका गावच्या, एकमेकींच्या जावा. धाकटी सिंधू, तिशीची, नवरा दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला. थोरली गयाबाई, पन्नाशीची, उंच, काटक, तोंडावर पदर घट्ट धरलेला. दाढ सिंधूची दुखत होती. मी तिला खुर्चीत घेतलं, एकेक दात ठोकून पाहिला. सगळे खणखणीत.

मी तापट बाई आहे. गावाहून एवढ्या लांब येऊन माझी चेष्टा करायला आलीस का, असं मी तिला झापलं. सिंधू शांतपणे खुर्चीतून उतरली, दाराशी गेली, आतून कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

‘माझं काय नाय बाई,’ ती म्हणाली. ‘आक्काची जीभ बघा.’

गयाबाई ताडकन उठली. मला काही झालेलं नाही, चल, गाडी जाईल, असं पदराआडून म्हणाली. पण दारात सिंधू होती, आणि सिंधू हलणार नव्हती. तिथंच उभं राहून तिनं मला सगळं सांगितलं.

घरात तीन भाऊ. थोरला गयाबाईचा नवरा, शहरात कंपनीत कामाला, घरच्या भानगडीत तोंड न घालणारा. मधला नामदेव, शेती बघणारा. धाकटा सिंधूचा, गेलेला. तिघांच्या जमिनीला मिळून एक थोरली विहीर. सासऱ्यांचं शेवटचं आजारपण गयाबाईनं काढलं. त्या आजारपणात त्यांनी तिला सांगितलं, की विहिरीच्या पाण्याची एक पाळी सिंधूच्या तुकड्याला द्यायची, पोर उघडी पडू द्यायची नाही. ऐकणारी गयाबाई एकटीच. सासरे गेल्यावर नामदेव म्हणाला, मला असलं काही सांगितलेलं नाही. गोष्ट पंचांपुढं गेली. गयाबाईनं गावच्या खंडोबापुढं बेल आणि भंडारा हातात उचलून शपथ घेतली आणि पंचांनी सिंधूला पाळी दिली. झालं ते एवढंच. आणि मग पोळ्याच्या महिनाभर आधी गयाबाईच्या जिभेवर फोड उठली.

घरातली गोष्ट गावात जायला किती वेळ लागतो! नामदेव चावडीवर म्हणाला, देवानं दाखवलं, आता जीभही झडेल. पंचांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी ठरवलं, की दिवाळी झाली की, रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आत, गयाबाईनं देवळात येऊन जीभ दाखवावी आणि शपथ पुन्हा घ्यावी. फोड असली तर पाळी रद्द. पाण्यावाचून सिंधूच्या तुकड्यात गहू उगवणार नव्हता, म्हणजे तिला लेकरू घेऊन भावाच्या दारात जावं लागणार होतं. तेव्हापासून गयाबाई तोंड मिटून होती. डॉक्टरला जीभ दाखवणं म्हणजे फोड आहे हे कबूल करणं, असं तिचं साधं गणित होतं.

मी काही समजावत बसले नाही. गयाबाईसमोर जाऊन उभी राहिले आणि माझी जीभ बाहेर काढली. तिनं ती नीट बघून घेतली.

‘लई लांब हाय तुमची,’ ती म्हणाली.

‘म्हणून तर एवढी चालते,’ मी म्हणाले.

तिला हसू आलं, पदर सुटला आणि ती आपणहून खुर्चीत बसली.

जिभेच्या डाव्या कडेला फोड होती. तिच्यासमोर एक तुटकी दाढ, कोयत्यासारख्या धारेची. शिवाय दातांना मिश्री लावायची जुनी सवय. हातमोजा घालून मी फोड बोटांत धरली. कच्च्या बोरासारखी टणक लागली. दुखतं का, विचारलं. आधी झोंबायची, आता काही वाटत नाही, असं ती समाधानानं म्हणाली. तिसऱ्या फोडीची हीच खूण. दाढेची धार घासून गुळगुळीत केली. पुष्कळदा एवढ्यानंच काम भागतं, जीभ शांत होते. पण पोळा होऊन गेला होता, म्हणजे गयाबाईचे दोन बाजार केव्हाच उलटले होते. वाट बघण्यात अर्थ नव्हता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात माझा एक वर्गमित्र सर्जन होता. त्याच्याकडं मी तिला त्याच दिवशी घेऊन गेले, त्यानं फोडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

तपासणीत जे नको होतं तेच निघालं. कॅन्सर. पण लहान होता, सुरुवातीचा होता, आणि कडेचा भाग काढला तर मोकळं होण्याची चांगली आशा होती. मी गयाबाईपासून काही लपवलं नाही. माझ्या माडीवर, त्याच खुर्चीत बसवून सगळं सांगितलं.

‘म्हंजी जीभ कापायची,’ ती म्हणाली.

थोडी, एका कडेची, मी म्हणाले.

 तिच्या मनात काय चाललंय ते मला उमगायला वेळ लागला. मी जिवाचा विचार करत होते. ती देवळाचा करत होती. फोड असली तर पाळी जाणार होती, इथं तर जीभच कापली जाणार होती. नामदेव म्हणाला होता जीभ झडेल, आणि ती डॉक्टरच्या सुरीनं झडणार होती. गावाला याहून मोठा पुरावा कुठला हवा होता! सिंधूलाही ते कळलं. ती गयाबाईच्या पायाशी बसली.

‘आक्का, जाऊ दे ती पाळी,’ ती म्हणाली. ‘तू ऱ्हा.’

गयाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘कापल्यावर बोलता येईल का?’

येईल, मी म्हणाले. सुरुवातीला बोबडं, मग सुधारेल.

‘शपथ घेण्यापुरतं यायला पायजे. तेवढं तुम्ही बघा, बाकीचं ते डाक्टर बघतील.’

दसऱ्याच्या आसपास ऑपरेशन झालं. जिभेची कडेची पट्टी गेली, मानेतल्या गाठी काढून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मित्रानं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी दवाखान्यात एका पेशंटच्या दाढेत भरण घालत होते. त्याचा आ तसाच ठेवून मी गॅलरीत जाऊन रडून आले. त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याच्याच दाढेचं काहीतरी भयंकर निघालं.

सूज उतरल्यावर गयाबाई बोलायला लागली, आणि खरी लढाई तिथं सुरू झाली. बाकीची अक्षरं एकेक करून परत आली. ‘र’ थोडा घसरायचा, ‘ट’ जरा जाड यायचा, पण कळायचं. ‘ळ’ मात्र येईना. ‘ळ’ म्हणायचा तर जिभेचा शेंडा उलटा वळवून टाळूला लावावा लागतो. आपण ते दिवसातून हजारदा करतो आणि आपल्याला पत्ता नसतो. गयाबाईची जीभ वळायला निघायची आणि डावीकडं जागाच नाही म्हणून परत फिरायची. शपथेचं वाक्य होतं, ‘थोरल्या विहिरीची एक पाळी सिंधूची.’ त्यात एकच ‘ळ’, आणि सगळं पाणी त्या एका अक्षरावर अडलेलं.

‘एक पाली शिंधूची,’ ती म्हणायची.

‘पाली भिंतीवर असतात, गयाबाई,’ मी म्हणायची, ‘त्या सिंधूला देऊन काय करणार?’ ती जबडा धरून हसायची, कारण हसलं की टाके ओढायचे, आणि पुन्हा म्हणायची. पुन्हा पाली.

बोलायला शिकवणारं कोणी तेव्हा माझ्या माहितीत नव्हतं, म्हणून मीच मास्तरीण झाले. ती तपासणीला शहरात आली की माझ्या माडीवर यायची. मी आरसा समोर धरायची, माझी जीभ काढून, वळवून दाखवायची, आणि आम्ही दोघी केळं, गूळ, बाळ, माळ म्हणत बसायचो. जिन्यात थांबलेल्या पेशंटांना काय वाटत असेल देव जाणे. कापडवाल्यांनी तर माझ्या यजमानांना विचारणंच सोडून दिलं होतं. घरी गेल्यावर गयाबाई गोठ्यात सराव करायची. त्यांच्या म्हशीचं नाव काळी. गयाबाई ‘काली, काली’ म्हणून हाका मारायची आणि म्हैस ढुंकून बघायची नाही. दिवाळीत, वसुबारसेच्या सकाळी, सिंधूनं गावातल्या टेलिफोनवरून मला फोन केला. एरवी फोनवर बोलायला लाजणारी ती पोरगी ओरडतच होती. ‘बाई, म्हशीनं मान वळवली!’

दिवाळी झाल्यावर पंचांनी बोलावलं. सिंधूचा निरोप आला, तुम्ही या. आम्ही नवरा-बायको आमच्या जुन्या गाडीतून सकाळीच निघालो. देवळापुढच्या पारावर गाव जमलं होतं. पंचांत सगळ्यांत म्हातारे होते त्यांना गाव आबा म्हणायचं. नामदेवला मी पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं कोणी मुजोर माणूस असेल. हा साधा, कष्टानं वाळलेला, तंबाखूचा बार गालात धरलेला शेतकरी होता, आणि आपण देवाच्या बाजूनं आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं.

‘बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या,’ तो हात जोडून म्हणाला. ‘पर जीभ कापली का नाय? मंग देवाचं खरं झालं का नाय?’

माना डोलल्या. गयाबाई खाली बघत उभी होती. माझ्या मस्तकात गेलं. मी आबांना विचारलं, फोड म्हणजे खोटं, हा देवाचा नियम सगळ्यांना आहे की फक्त बायकांना? आबा म्हणाले, देवापुढं समदे सारखे. मग सगळ्यांच्या जिभा बघू या, मी म्हणाले. आधी माझी. आणि खंडोबापुढं, अख्ख्या गावासमोर, मी जीभ काढून उभी राहिले. माझ्या यजमानांनी फक्त डोळे मिटून घेतले.

आबा मिस्कील होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि जीभ काढली. शेंड्यावर लालबुंद फोड! चहानं भाजलं सकाळी, ते घाईघाईनं म्हणाले, आणि जे हसू उसळलं त्यानं देवळावरची कबुतरं उडाली. मग काय, एकेक पुढं यायला लागला. मी टॉर्च घेऊन त्या पारावरच्या तमाम पुरुषांच्या जिभा तपासल्या. कोणाला चावल्याची खूण, कोणाला ठेच्याचा चटका, कोणाची जीभ भेगाळलेली. कोरी जीभ शोधून सापडेना.

‘मंग समदं गावच खोटं की रे,’ आबा म्हणाले.

नामदेव मागं उभा होता. दाखव की नामदेवा, असा गलका झाला. त्यानं तंबाखू थुंकली, नाइलाजानं जीभ काढली. कडेला, तंबाखूच्या बाजूला, त्यालाही एक फोड होती. लोक हसले. मी हसले नाही. तंबाखू आजपासून बंद आणि दोन बाजार उलटले तरी ही गेली नाही तर माझ्याकडं या, असं मी त्याला हळू आवाजात सांगितलं. 

हसू ओसरल्यावर गयाबाई पुढं झाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिनं बेल-भंडारा उचलला आणि डोक्यावरचा पदर नीट केला. मी सिंधूचा हात घट्ट धरला, की तिनं माझा, ते आता आठवत नाही. एवढ्या माणसांत जीभ कोरडी पडते, धडधाकट माणसाचीसुद्धा.

‘थोरल्या विहिरीची,’ गयाबाई म्हणाली आणि थांबली. तिनं आतल्या आत जीभ वळवून बघितली. ‘एक पाळी सिंधूची.’

‘ळ’ आला. जरासा ओला, जरासा उशिरा, पण अस्सल ‘ळ’.

‘सासऱ्यांनी मला सांगितलं,’ ती पुढं म्हणाली. ‘जीभ कापली. बोल त्योच हाय.’

आबांनी निकाल द्यायची गरजच नव्हती, तरी दिला. पाळी सिंधूची. त्या वर्षी सिंधूच्या तुकड्यात गहू कमरेला लागला. गयाबाई तपासण्यांना नेमानं येत राहिली आणि दरवेळी मोकळी परत गेली. तिची नातवंडं लग्नाची झाली, ती आजही ठणठणीत आहे, आणि मिश्रीची डबी तिनं स्वतःच्या हातानं शेणाच्या खड्ड्यात टाकली, ती टाकलीच. त्या गावातून माझ्याकडं माणसं वेळेत यायला लागली. ‘दोन बाजार झाले’ असं म्हणत कोणी जिना चढून आलं की मला कळायचं, हे गयाबाईनं पाठवलेलं. एवढ्या वर्षांत मला शाली-श्रीफळं मिळाली, भिंतीवर लावायच्या फ्रेमा मिळाल्या. त्या वाक्याची बरोबरी कशालाच नाही.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढं गयाबाई, मागं मान खाली घालून नामदेव. दोन बाजार उलटून गेले होते. त्याची फोड तंबाखूनं उठलेली निघाली, पण वेळेत आला होता, सवय सोडल्यावर आणि थोड्या उपचारावर ती बरी झाली, हे आधीच सांगून टाकते. त्या दुपारी मात्र कोणालाच काही माहीत नव्हतं. तो खुर्चीत बसला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले, तोंड घट्ट मिटलेलं. जिच्या जिभेला त्यानं भर गावात खोटं ठरवलं, तिच्यादेखत आपली जीभ काढायची त्याची हिंमत होईना. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि लाजही होती.

मी सवयीनं पुढं झाले, पण गयाबाईनं मला हातानं मागं सारलं. ती नामदेवसमोर उभी राहिली, पदर बाजूला केला आणि जीभ बाहेर काढली. डावीकडं आखूड, कडेला वणाची पांढरी रेघ असलेली. त्याला पुरती बघू दिली आणि मग आत घेतली.

‘भिऊ नका भावजी,’ ती म्हणाली. ‘कापली तरी पाळी म्हणता येतं.’

नामदेवनं आ केला.